जटिल प्रणाली म्हणजे काय, त्या शिकायच्या कशा आणि पुढे काम कुठे मिळतं

30 जुलै 2012 च्या रात्री 2 वाजून 33 मिनिटांनी मध्य प्रदेशातली बीना–ग्वाल्हेर ही 400 किलोव्होल्टची वीजवाहिनी ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली, आणि काही सेकंदांत उत्तर भारताचा अख्खा ग्रिड बसला. कशीबशी वीज परत आली, तोच दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता पुन्हा तीच वाहिनी ट्रिप झाली. या वेळी उत्तरेसोबत पूर्व आणि ईशान्येचे ग्रिडही गेले. त्या पट्ट्यात साठ कोटींहून जास्त लोक राहत होते.

चौकशीत जे निघालं ते नीट वाचण्यासारखं आहे. त्या वाहिनीवर शॉर्टसर्किट झालं नव्हतं, खांब पडला नव्हता, तार तुटली नव्हती. वाहिनीचं रक्षण करणारा रिले व्होल्टेज आणि करंट यांचं गुणोत्तर मोजत असतो. ते फार खाली आलं की दूर कुठेतरी बिघाड झाला असं समजून तो वाहिनी बंद करतो. त्या रात्री करंट प्रचंड होता आणि व्होल्टेज पडलेलं होतं, त्यामुळे नुसता लोडच रिलेला बिघाडासारखा दिसला. रिलेने त्याला शिकवलेलं काम चोख केलं.

लोड एवढा का होता? शेजारचं दुसरं सर्किट 765 किलोव्होल्टला नेण्याच्या कामासाठी बंद ठेवलं होतं. पश्चिम भारतात पाऊस झाल्याने मागणी घटलेली आणि वीज शिल्लक होती. उत्तरेत पावसाने ओढ दिली होती, मागणी चढली होती आणि तिथली राज्यं ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढत होती. हा सगळा प्रवाह मोजक्या वाटांनी पश्चिमेकडून उत्तरेकडे चालला होता. एक वाट बंद होताच तो बाकीच्या वाटांवर गेला, त्या अतिभारित होऊन एकेक करून ट्रिप झाल्या, आणि ग्रिडचे तुकडे पडले. उत्तरेत वीज कमी पडल्याने फ्रिक्वेन्सी 50 हर्ट्झवरून कोसळली. पश्चिमेत वीज जास्त झाल्याने ती वर गेली, पण पश्चिमेचा ग्रिड दोन्ही दिवशी तगला, म्हणून महाराष्ट्रात दिवे चालू राहिले.

प्रत्येक भाग आपापल्या जागी बरोबर वागत होता आणि तरीही एकूण यंत्रणा कोसळली. असं वागू शकणाऱ्या यंत्रणांना जटिल प्रणाली म्हणतात, आणि त्यांचा अभ्यास हे आज भौतिकशास्त्रापासून अर्थशास्त्रापर्यंत पसरलेलं क्षेत्र आहे. 2021 चं भौतिकशास्त्राचं नोबेल याच क्षेत्राला मिळालं: अर्धं जॉर्जो पारिसी यांना, उरलेलं अर्धं हवामानाची मॉडेलं उभी करणाऱ्या स्युकुरो मनाबे आणि क्लाउस हासेलमन यांना.

एक गोष्ट आधीच स्पष्ट सांगतो. ‘जटिल प्रणाली तज्ज्ञ पाहिजे’ अशी जाहिरात तुम्हाला जवळजवळ कधीच दिसणार नाही. हे स्वतंत्र दुकान नाही. वीज, साथीचे रोग, हवामान, बँका, वाहतूक यांपैकी एक विषय खोलवर घ्यायचा आणि त्यावर ही पद्धत वापरायची, असं हे शिक्षण आहे. दोन्ही पाय असतील तरच काम मिळतं.

गुंतागुंतीचं आणि जटिल यांत फरक काय

विमानाच्या इंजिनात हजारो भाग असतात, पण प्रत्येकाचं रेखाचित्र असतं आणि ते सुटे करून पुन्हा जोडता येतं. ते गुंतागुंतीचं आहे. कांद्याचा बाजार सुटा करून जोडता येत नाही. लासलगावला भाव चढला की शेतकरी जास्त लागवड करतो. रोप लावल्यापासून कांदा हाती यायला साडेतीन-चार महिने लागतात. भाव पाहून हाच निर्णय हजारो लोकांनी त्याच आठवड्यात घेतलेला असतो, म्हणून चार महिन्यांनी माल एकदम येतो आणि भाव पडतो. मग लागवड घटते आणि चक्र उलटं फिरतं. एकाही शेतकऱ्याचा निर्णय मूर्खपणाचा नसतो. भावाचा परिणाम लागवडीवर आणि लागवडीचा भावावर, हा फीडबॅक आणि त्यातला उशीर मिळून हेलकावे तयार करतात. सरकारी निर्यातबंदी किंवा अवकाळी पाऊस हे त्यावर बाहेरून बसणारे धक्के.

या उदाहरणात जवळपास सगळं आलं: पुष्कळ घटक, प्रत्येकाला फक्त जवळचं दिसणं, फीडबॅक, उशीर, आणि अनुभवाने वागणं बदलणं. एकच राहिलं, ते म्हणजे उंबरठा. काही प्रणाली बराच काळ शांत राहतात आणि एका मर्यादेनंतर अचानक वेगळ्या होतात. हे वाचून पटत नाही, करून पाहावं लागतं.

तीन प्रयोग, घरच्या संगणकावर

पहिला स्प्रेडशीटमध्ये, दहा मिनिटांचा. पहिल्या खान्यात 0.4 लिहा. खालच्या खान्यात सूत्र द्या: r गुणिले वरचा आकडा गुणिले (1 वजा वरचा आकडा). शंभर ओळी खाली ओढा. r ला 2.8 दिलं तर आकडा 0.643 वर येऊन थांबतो. 3.2 दिलं तर तो 0.513 आणि 0.799 यांच्यात आलटून पालटून उड्या मारतो. 3.5 ला चार आकड्यांचं चक्र मिळतं. 3.57 च्या पुढे चक्र मोडतं, आणि 3.9 ला ठावठिकाणा लागत नाही. आता शेजारच्या स्तंभात तेच सूत्र 0.4 ऐवजी 0.4001 ने सुरू करा. वीसएक पायऱ्यांत दोन्ही स्तंभांचा एकमेकांशी काही संबंध उरत नाही. सूत्रात नशिबाचा अंशही नाही, तरी लांबचं भाकीत अशक्य होतं. रॉबर्ट मे यांनी 1976 मध्ये या साध्या समीकरणाकडे जीवशास्त्रज्ञांचं लक्ष वेधलं. त्याआधी 1961 मध्ये एडवर्ड लोरेन्झ यांनी हवामानाच्या मॉडेलमध्ये 0.506127 ऐवजी 0.506 घातलं आणि पूर्ण वेगळं हवामान निघालं. आज हवामान विभाग एकच मॉडेल किंचित वेगवेगळ्या सुरुवाती देऊन अनेकदा चालवतो आणि पावसाची शक्यता टक्क्यांत सांगतो, त्याचं मूळ इथे आहे.

दुसरा प्रयोग नेटलोगो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये. त्याच्या मॉडेल संग्रहात ‘फायर’ नावाचं मॉडेल आहे: चौकटींच्या जंगलात झाडांची घनता ठरवायची आणि एका कडेला आग लावायची. आग फक्त वर, खाली, डावीकडे, उजवीकडे लागूनच्या झाडाला जाते. घनता 55 टक्के ठेवा, आग लवकर विझते. 63 ठेवा, जवळजवळ सगळं जंगल जातं. चौकोनी जाळीसाठी हा उंबरठा 59.3 टक्क्यांवर आहे. 58, 59, 60 वर प्रत्येकी वीस वेळा चालवून पाहा. उंबरठ्याजवळ निकाल दर वेळी फार वेगळा येतो. एकदाच चालवून निष्कर्ष काढणं ही नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक इथेच सुटते.

तिसरा प्रयोग साथीच्या रोगाचा, आणि त्याचा मुंबईशी थेट संबंध आहे.

मुंबईचा प्लेग आणि एक फसवी रेषा

1927 मध्ये कर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक यांनी साथीचं गणिती मॉडेल मांडलं. आज जगभर वापरल्या जाणाऱ्या साथीच्या मॉडेलांचं ते मूळ. मॅकेन्ड्रिक यांनी भारतातल्या वैद्यकीय सेवेत काम केलेलं होतं. मॉडेल तपासायला त्यांनी आकडे घेतले ते मुंबई बेटावरच्या प्लेगच्या साप्ताहिक मृत्यूंचे, 17 डिसेंबर 1905 ते 21 जुलै 1906 या काळातले. त्यांची वक्ररेषा आकड्यांवर फार सुंदर बसली: शिखर सतराव्या आठवड्याच्या सुमारास, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर, आठवड्याला सुमारे 890 मृत्यू.

मॉडेल असं बांधा. लोकसंख्या 1000. तीन स्तंभ: निरोगी 999, आजारी 1, बरे झालेले 0. रोजचे नवे आजारी म्हणजे 0.4 गुणिले निरोगी गुणिले आजारी भागिले 1000. रोज बरे होणारे म्हणजे 0.1 गुणिले आजारी. पुढच्या दिवसाचे तिन्ही आकडे आदल्या दिवसाच्याच आकड्यांवरून काढा. अर्धे जुने, अर्धे नवे घेतले की गणित बिघडतं. चौथ्या स्तंभात बेरीज ठेवा, ती प्रत्येक ओळीत 1000 आलीच पाहिजे. 200 ओळी ओढा.

0.4 भागिले 0.1 म्हणजे 4. सुरुवातीला एक रुग्ण सरासरी चौघांना देतो. शिखरावर एकाच वेळी साधारण चारशे जण आजारी असतात आणि शेवटी 98 टक्के लोकांना रोग होऊन जातो. आता 0.4 चं 0.2 करा, म्हणजे लोकांच्या गाठीभेटी निम्म्या. शिखर चारशेवरून दीडशेच्या आसपास येतं, पण एकूण बाधित 98 टक्क्यांवरून 80 टक्क्यांपर्यंतच उतरतात. गाठीभेटी निम्म्या केल्या, तर एक परिणाम निम्म्याहून खाली आला आणि दुसरा जेमतेम हलला. रुग्णालयाच्या खाटा मोजणाऱ्याला पहिला आकडा हवा, लस खरेदी करणाऱ्याला दुसरा. 0.1 च्या खाली गेलात की साथ उठतच नाही, हा इथला उंबरठा.

या तक्त्यात एक खोट आहे: तो 0.3 माणसाला आजारी पाडतो. खऱ्या जगात पहिला रुग्ण कोणालाही न देता बराही होतो. म्हणून हेच मॉडेल नाणेफेकीच्या पद्धतीने, पूर्ण माणसं मोजून, शेकडो वेळा चालवावं लागतं. तेव्हा दिसतं की एक रुग्ण सरासरी चौघांना देत असला तरी एकाच रुग्णापासून सुरू होणारी साथ साधारण चारपैकी एकदा आपोआप विझते, आणि सरासरी दोन असेल तर दोनपैकी एकदा.

प्लेगच्या त्या सुंदर वक्ररेषेकडे परत येऊ. मॉडेल माणसाकडून माणसाकडे जाणाऱ्या रोगाचं होतं. मुंबईचा प्लेग उंदरांत पसरत होता आणि पिसवांमार्फत माणसापर्यंत येत होता. शिवाय तो दर वर्षी त्याच ऋतूत उठायचा आणि उन्हाळा चढला की उतरायचा, कारण पिसवांचं आयुष्य हवामानावर अवलंबून असतं. आपली गृहीतकं तिथे काटेकोर लागू पडत नाहीत हे कर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक यांनी स्वतःच नोंदवलं होतं. 2012 मध्ये झालेल्या फेरतपासणीत दिसलं की वक्ररेषा बसवायला जे आकडे लागतात ते प्लेगसाठी पटण्यासारखे नाहीत, ऋतू आणि उंदीर धरल्याशिवाय चित्र जमत नाही. रेषा जुळली म्हणजे कारण सापडलं असं नव्हे. हे ज्याच्या अंगवळणी पडलं तो या क्षेत्रात टिकतो, असं आमचं मत आहे.

अशीच दुसरी चूक म्हणजे घात-नियम (पॉवर लॉ, म्हणजे एक राशी दुसरीच्या ठरावीक घाताप्रमाणे बदलणं) जिकडे तिकडे दिसणं. 1999 मध्ये बाराबाशी आणि आल्बर्ट यांनी दाखवलं की काही जाळ्यांत (नेटवर्कमध्ये) थोड्या गाठींना प्रचंड जोडण्या असतात. त्यानंतर लॉग–लॉग कागदावर (दोन्ही अक्षांवर दर टप्प्याला आकडा दहापट होतो अशा आलेखावर) सरळ रेषा दिसली की लोक तोच नियम जाहीर करू लागले. पण मर्यादित पट्ट्यात आकड्यांची इतर अनेक वितरणंही तिथे सरळ दिसतात. किमान शंभर पटींच्या पट्ट्यात आकडे असावेत, रेषा डोळ्यांनी न बसवता योग्य संख्याशास्त्रीय कसोटीने तपासावी आणि लॉग-नॉर्मलसारख्या दुसऱ्या वितरणाशी तुलना करावी. तिसरी चूक मॉडेलमध्ये खुंट्या, म्हणजे हवे तसे बदलता येणारे आकडे, वाढवत जाण्याची. दहा खुंट्या पिळल्या तर कोणतेही आकडे जुळतात. म्हणून आकड्यांचा काही भाग बाजूला ठेवायचा आणि मॉडेल त्यावर शेवटी एकदाच तपासायचं.

काय शिकायचं, कुठे शिकायचं

पाया बारावीच्या कॅल्क्युलसचा. त्यावर रेषीय बीजगणित (आयगेन-मूल्यांपर्यंत), संभाव्यता, साधी अवकल समीकरणं (डिफरेन्शियल इक्वेशन्स) आणि संख्याशास्त्र. प्रोग्रामिंगसाठी पायथॉन पुरेसं आहे: आकडेमोडीला नमपाय आणि सायपाय, जाळ्यांसाठी नेटवर्कएक्स, माणसं किंवा प्राणी स्वतंत्रपणे हलवणाऱ्या मॉडेलांसाठी मेसा. आठवड्याला आठ-दहा तास दिले तर पदवीच्या अभ्यासासोबत हे साधारण वर्षभरात होतं. न्यू मेक्सिकोतल्या सांता फे इन्स्टिट्यूटचे (स्थापना 1984) कॉम्प्लेक्सिटी एक्सप्लोरर या संकेतस्थळावरचे ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत आहेत आणि सुरुवातीला तेच पुरतात.

भारतात पदवी नेहमीच्याच विषयात घ्यावी: भौतिकशास्त्र, गणित, संख्याशास्त्र, इलेक्ट्रिकल, अर्थशास्त्र, जीवशास्त्र. अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्रातून येणाऱ्यांनी संकोच करू नये. थॉमस शेलिंग अर्थतज्ज्ञच होते. लोकांची किरकोळ आवडसुद्धा वस्त्यांची कडक विभागणी कशी घडवते हे त्यांनी 1971 मध्ये दाखवलं. फक्त गणित टाळता येणार नाही.

पुण्यात आयसर, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था आहे. तिथल्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला आयसरची स्वतःची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि भौतिकशास्त्र विभागात या विषयावर संशोधन चालतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात वैज्ञानिक संगणन आणि मॉडेलिंगचा स्वतंत्र विभाग आहे. उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, म्हणजे पाषाणची आयआयटीएम, मान्सूनवर काम करते. चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेत आणि बेंगळुरूच्या आयसीटीएस या सैद्धांतिक विज्ञानाच्या केंद्रात पीएचडीसाठी जेस्ट ही परीक्षा चालते. आयआयटी मद्रासमध्ये इंजिनांच्या ज्वलनात अचानक उठणाऱ्या कंपनांची पूर्वसूचना कशी मिळवायची यावर गाजलेलं काम झालं आहे. एमएस्सीनंतर सीएसआयआर-नेट परीक्षेत शिष्यवृत्तीसाठी निवड झाली तर 2023 पासून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती महिन्याला 37,000 रुपये आहे.

परदेशात मात्र या नावाच्याच पदव्या मिळतात. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये आणि स्वीडनच्या चाल्मर्समध्ये एमएस्सी आहे, बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्नमध्ये जाळ्यांच्या विज्ञानात पीएचडी आहे, व्हरमाँट विद्यापीठात दोन्ही आहेत. खर्चाची चिंता असेल तर इटलीतल्या त्रिएस्ते इथल्या आयसीटीपी या सैद्धांतिक भौतिकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय केंद्राचा एक वर्षाचा डिप्लोमा पाहा. तो विकसनशील देशांतल्या विद्यार्थ्यांसाठीच आहे आणि निवड झालेल्यांचा खर्च संस्था उचलते.

काम कुठे आहे

विजेत सगळ्यांत ठोस. 2012 नंतर ग्रिड आणखी मोठा झाला. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर–सोलापूर ही 765 किलोव्होल्टची वाहिनी सुरू होऊन दक्षिणेचा ग्रिडही देशाशी जोडला गेला. त्यात आता सौर आणि वाऱ्याची वीज मिसळते आहे, जी ढग आला किंवा वारा थांबला की पडते. हे सांभाळणारी ग्रिड-इंडिया ही कंपनी इलेक्ट्रिकलच्या पदवीधरांना गेट या राष्ट्रीय परीक्षेच्या गुणांवर घेते. पश्चिम विभागाचं भार प्रेषण केंद्र (ग्रिडचं नियंत्रण केंद्र) अंधेरीत आहे, महाराष्ट्राचं ऐरोली-कळव्याला.

बँकांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेचा वित्तीय स्थैर्य अहवाल काढून पाहा. एक बँक बुडाली तर तिच्याशी देण्याघेण्याने बांधलेल्या किती बँकांना तडा जाईल याचं जाळ्याचं विश्लेषण त्यात छापलेलं असतं. संख्याशास्त्राच्या पदव्युत्तरांसाठी रिझर्व्ह बँक ग्रेड बी या अधिकारी पदावर वेगळी भरती करते. खासगी बँकांत हेच काम जोखीम विभागात असतं, विमा कंपन्यांत पूर आणि चक्रीवादळाच्या नुकसानीच्या मॉडेलांत.

हवामान, परिसंस्था, मेंदू आणि साथरोग यांत बहुतेक वाटा पीएचडीमधून जातात. घाई असेल तर त्या नकोत. वाहतूक आणि पुरवठा साखळीत एमटेकवर काम मिळतं. जाहिरातीत शोधायचे शब्द: सिम्युलेशन, नेटवर्क ॲनालिसिस, ऑपरेशन्स रिसर्च, रिस्क मॉडेलिंग.

मुलाखतीत प्रमाणपत्रांच्या यादीपेक्षा एक पूर्ण केलेलं मॉडेल जास्त बोलतं: खरे आकडे, चालणारा कोड, दोन पानांचा अहवाल आणि मॉडेल कुठे चुकतं याची प्रामाणिक नोंद. आकडे मोफत मिळतात. हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाचे 1901 पासूनचे रोजच्या पावसाचे आकडे 0.25 अंशाच्या चौकटींत आहेत. ग्रिड-इंडिया रोजचा वीजपुरवठा अहवाल प्रसिद्ध करते. ॲगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावर बाजार समित्यांचे रोजचे भाव आणि आवक मिळते. लासलगावच्या कांद्यापासून सुरुवात करायची असेल तर बाजार बंद असलेल्या दिवसांचे खाने रिकामेच ठेवा. तिथे शून्य भरलं तर आठवड्याच्या सुट्टीची लय भावाच्या चक्रासारखी दिसू लागते. आणि भावासोबत आवकही घ्या, कारण चार महिन्यांच्या उशिराचा माग आवकेत लागतो.